नवी रॅम लावली की पडदा काळा

प्रश्न : जी४१ चिपसेटच्या (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) जुन्या मदरबोर्डावर ४ जीबीची नवी डीडीआर३ (रॅमची एक पिढी) रॅम लावली की नुसते बीप वाजतात. दुकानदाराकडे तीच रॅम चालते. बोर्ड गेला का?

उत्तर : बोर्ड ठणठणीत आहे, रॅमही. जी४१ ला २ गिगाबिटपर्यंतच्याच (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) मेमरी चिप वाचता येतात. तुमच्या रॅमवर बहुधा एकाच बाजूला, ४ गिगाबिटच्या ८ चिप असतील. दोन्ही बाजूंना ८-८, म्हणजे १६ चिपवाली ४ जीबी मागा. पैसे देण्याआधी मोजाच. लावताना वायर काढून पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून ठेवा, जुन्या रॅमचे सोनेरी दात खोडरबरने पुसा, खाच जुळवून क्लिप खटकन बसेपर्यंत दाबा. विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वायाच.