क्रॉनमध्येच प्रश्नचिन्हे का?

प्रश्न : वाचनालयाची सभासदयादी माय-एसक्यूएल या डेटाबेसमध्ये आहे. टर्मिनलवर क्वेरी हाताने चालवली की मराठी नावे नीट येतात. तीच स्क्रिप्ट रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणारी सोय) चालली की फाइलीत नुसती प्रश्नचिन्हे. डेटा खराब झाला का?

उत्तर : बहुधा नाही, पण आधी खात्री करा. नावाच्या कॉलमवर साठलेले बाइट दाखवणारे ‘हेक्स’ फंक्शन लावून एक ओळ काढा. प्रत्येक अक्षराची सुरुवात ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ने होत असेल तर डेटा शाबूत आहे. सलग ‘३एफ’ दिसले तर टेबलातच प्रश्नचिन्हे साठली आहेत. मग बॅकअपशिवाय गत्यंतर नाही.

माय-एसक्यूएलचा क्लायंट (सर्व्हरला क्वेरी पाठवणारा प्रोग्रॅम) कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत, ठरवताना ‘लँग’ हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल पाहतो. क्रॉनमध्ये ते अनेकदा नसते, आणि मग क्लायंट लॅटिन१ हा पश्चिम युरोपीय भाषांचा सेट धरतो. लॅटिन१मध्ये देवनागरी बसत नाही, म्हणून सर्व्हर प्रत्येक चिन्हाऐवजी प्रश्नचिन्ह पाठवतो. मात्राही वेगळी मोजली जाते, त्यामुळे ‘पुणे’ची चार प्रश्नचिन्हे होतात. कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहून टर्मिनलवरच हा दोष उभा करता येतो; रात्रीची वाट पाहू नका.

उपाय : स्क्रिप्टमधल्या कमांडला ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ हा पर्याय जोडून किंमत यूटीएफ८एमबी४ (देवनागरी सामावणारा सेट) द्या. पर्यायांच्या फाइलीत लिहायचे असेल तर ‘माय-एसक्यूएल’ विभागात लिहा. शेवटी डी असलेला विभाग सर्व्हरचा, तिथे लिहून क्लायंट बदलत नाही. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, ‘लँग’ लिहिणे आम्हाला कमी भरवशाचे वाटते, कारण ते लोकेल (भाषा व अक्षरांची मांडणी) मशीनवर बसवलेले नसेल तर पुन्हा तेच.

प्रश्नचिन्हे निदान दिसतात तरी. शहर ‘पुणे’ अशी अट असलेली क्वेरी याच अवस्थेत शून्य ओळी देते, एररही नाही, कारण ‘पुणे’चे १२ बाइट सर्व्हर १२ लॅटिन अक्षरे समजतो. नवी ओळ भरणारा इन्सर्ट त्याहून घातक. तो ‘सी३ए०सी२ए४’ अशा धाटणीचा मजकूर साठवतो, आणि त्याच कनेक्शनवरून वाचला तर मराठी अगदी बरोबर दिसते! म्हणून रात्री नोंदी भरणारी स्क्रिप्ट असेल तर तिच्या नव्या ओळींचे हेक्स आजच तपासा.

प्रश्न : बॅश या शेलमध्ये माय-एसक्यूएलच्या कमांडला ‘-ई’ देऊन क्वेरी चालवतो. टेबलाचे नाव ‘ऑर्डर’ बॅकटिकमध्ये लिहिले तरी ‘कमांड नॉट फाउंड’ येते.

उत्तर : दुहेरी अवतरणात बॅश बॅकटिकमधला मजकूर स्वतःच कमांड म्हणून चालवते. क्वेरीभोवती एकेरी अवतरणे द्या आणि आतल्या मजकुराच्या किमतींना दुहेरी; टेबलाच्या नावाभोवतीचे बॅकटिक तसेच ठेवा.