जे येत नाहीत, त्यांची मोजणी

प्रश्न : आमच्या भागात नवं आरोग्य केंद्र होणार आहे. नागरिकांच्या समितीत मी आहे. अधिकाऱ्यांनी नकाशावर एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, जुन्या केंद्रातल्या रुग्णांची संख्या दाखवली आणि जागा नक्की केली. आम्ही आणखी काय विचारावं?

उत्तर : आधी त्या रुग्णसंख्येबद्दल विचारा. जुन्या केंद्राच्या नोंदवहीत आलेलेच लोक सापडतात. जे आजारी असूनही फिरकले नाहीत, ते तिथे नसतात. ज्यांना उपचारांची जास्त गरज, त्यांच्याच वाट्याला चांगली सेवा कमी येते, हे ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१मध्ये मांडलं. ते स्वतः वेल्समधल्या खाणकामगारांचे डॉक्टर होते. तेव्हा जिथून रुग्ण कमी येतात ती वस्ती निरोगी आहे, असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका. तिथे जाऊन विचारायला सांगा.

वर्तुळाचं म्हणाल, तर मध्ये रेल्वेमार्ग किंवा सहापदरी रस्ता असला की ते फसतं. अंतर मिनिटांत मोजायला लावा, तेही गरोदर बाईच्या चालीनं.

नियोजनाच्या कामात मी सर्वांत जास्त भांडले ती ओपीडीच्या वेळेसाठी. रोजंदारीवरच्या माणसाला सकाळची ओपीडी म्हणजे मजुरी बुडणं. तपासणी मोफत असली तरी त्याला ती महागच पडते. क्षयाचं औषध साधारण सहा महिने चालतं, मधुमेहाचं बहुधा जन्मभर. एवढ्या खेपा मजुरी बुडवून कोण घालील? माणसं दुखणं अंगावर काढतात आणि शेवटी तातडीच्या विभागात येतात. संध्याकाळची ओपीडी हवीच, आणि तिच्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि औषधवाटपाचं माणूसबळ आराखड्यातच लिहून घ्या. नंतर ते मिळत नाही, हा माझा अनुभव आहे.

सेवा लोकांना मानवते का, हेही तपासा. केसपेपरच्या खिडकीवर रांगेसमोर मोठ्यानं आजार सांगावा लागत असेल, तर गुप्तरोगाचा किंवा मानसिक त्रासाचा रुग्ण माघारी जातो. नोंदणी आडोशाला असावी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो, म्हणून त्याला परत पाठवू नये. स्थलांतरितांची भाषा बोलणारं कुणीतरी खिडकीशी असावं.

हे सगळं आराखड्यावर सही होण्यापूर्वी मागा. भिंती उभ्या राहिल्यावर आडोसा करायला जागाच उरत नाही.