तुलनागट मोडायचा नाही

चि. डॉक्टर, अनेक आशीर्वाद.

लशीच्या चाचणीत कोवळ्या रंगरूटाच्या हातावर औषध नसलेली गोळी ठेवताना हात कापतो, असं लिहिलंस. कापू दे. पण तेवढ्यावरून सगळ्यांनाच लस देऊन टाकावी असं मनात आलं असेल, तर ते आत्ताच काढून टाक. तुलनागट, म्हणजे तुलनेसाठी लस न दिलेल्यांचा गट, मोडायचा नाही.

बराकीत खाटेला खाट लागलेली, झोप अपुरी. एक जण खोकला की बघता बघता निम्मी तुकडी तापाने फणफणते. पुढच्या तुकडीत मात्र कुणी शिंकतही नाही. अशा ठिकाणी आजार लशीने ओसरला की आपसूक, हे कशावरून ठरवणार? 1943 साली अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणार्थींत फ्लूची लस तपासली: न घेतलेले 7.1 टक्के आजारी, घेतलेले 2.2. पुढे 1947 साली विषाणूने रूप बदललं आणि लस घेतलेले-न घेतलेले जवळपास सारखेच आजारी पडले. शेजारी तुलनागट होता, म्हणून हे उमगलं.

ताप-खोकला आणणाऱ्या ॲडिनोव्हायरस या विषाणूवरची, गोळीच्या रूपातली लस तर जुनीजाणती, 1971 पासून तिथल्या रंगरूटांना मिळणारी. उत्पादन बंद झालं, 1999 पर्यंत साठा संपला, आजार परतला, पोरं दगावली. तरीही नवी गोळी आली तेव्हा सुमारे 4,000 स्वयंसेवकांपैकी चौथ्या हिश्श्याला बिनऔषधाचीच दिली. प्रकार 4 च्या विषाणूने 49 जण तापले, त्यांतले 48 तुलनागटातले. 2011 मध्ये मान्यता मिळाली ती या आकड्यांच्या बळावर.

मला दगडाच्या काळजाचा म्हणणारे कमी भेटले नाहीत. एका चाचणीत वरिष्ठांना दया आली आणि मध्येच सरसकट लस टोचली गेली. मी भांडलो, कुणी ऐकलं नाही. ती लस उपयोगी होती का, हे आजही सांगता येत नाही. त्या पोरांनी दंड पुढे केला तो कशासाठी? याची सल अजून जात नाही, आणि म्हणूनच मी हट्टी आहे.

तुझी घालमेल संमतीच्या कामी लाव. हुकूम पाळायला शिकणारा पोरगा साहेबासमोर ‘नाही’ म्हणू शकत नाही. सही घेताना सार्जंट खोलीबाहेर हवा, नकार देणाऱ्यांची नावं वर जाता कामा नयेत. ताप आलेल्या प्रत्येकाचा घशाचा स्वॅब घे, उपचार लगेच सुरू कर. त्याला कुठली गोळी मिळाली हे त्यासाठी कळावं लागत नाही.

संमतीपत्राचा मसुदा पाठव. लाल पेन घेऊन बसतो.