प्रोबेशनवर सुटलात? गाव सोडायच्या आधी साहेबांना कळवा

पॅरोल, जामीन आणि प्रोबेशनची खिचडी दर आठवड्याला माझ्याकडे येते, म्हणून यावेळी उत्तरं एकत्रच देतोय. परिविक्षा अधिकारी (म्हणजे प्रोबेशनवर सुटलेल्यांवर देखरेख ठेवणारा) म्हणून नोकरी झाली, आता रिटायर आहे.

प्रश्न: भाऊ प्रोबेशनवर सुटला. म्हणजे पॅरोलच ना?
नाही. पॅरोल ही कैद्याची रजा, संपली की परत आत. प्रोबेशनमध्ये कोर्ट शिक्षा न सुनावता बाँडवर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर सोडतं.

प्रश्न: मुलगा २० वर्षांचा, मारामारीच्या केसमध्ये ४ महिने आत होता. वयाचा फायदा मिळेल का?
जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर मिळू शकतो. २१ च्या आतल्याला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला आमचा, म्हणजे परिविक्षा अधिकाऱ्याचा, अहवाल मागवावा लागतो, कारणंही लिहावी लागतात (१९५८ चा प्रोबेशनचा कायदा, कलम ६). पण वय धरतात ते शिक्षा ठरते त्या दिवशीचं, गुन्ह्याच्या दिवशीचं नाही, तेव्हा उगाच तारखा घेत बसू नका, वकिलांना आजच विचारा.

प्रश्न: कोर्टाबाहेर एक जण म्हणतो २५ हजारात चांगला रिपोर्ट लावून देतो.
एक रुपया देऊ नका. अहवाल गोपनीय असतो, त्याने तो बघितलेलाही नसतो. वकील परवडत नसेल तर १५१०० ला फोन करा, विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आहे.

प्रश्न: माझा २ वर्षांचा बाँड आहे, देखरेखीसह. भोसरीत कंपनीत लागलो, दोन वेळा साहेबांकडे (परिविक्षा अधिकाऱ्याकडे) जाणं झालं नाही. मित्र म्हणतो केस संपली, टेन्शन घेऊ नको.
त्या मित्राला माझ्याकडे पाठवा एकदा! केस संपलेली नाही, शिक्षा फक्त बाजूला ठेवलीय. अट मोडली की कलम ९ खाली समन्स किंवा वॉरंट निघू शकतं आणि मूळ गुन्ह्याची शिक्षा होऊ शकते. पहिल्या चुकीला ५० रुपयांपर्यंत दंड करून बाँड चालू ठेवायची सोय आहे (हो, पन्नासच, आकडा १९५८ चा आहे), पण ते कोर्टाच्या मनावर, त्या भरवशावर राहू नका. माझ्याकडचा एक पोरगा असाच, सुपरवायझर सुट्टी देत नाही म्हणून तीन वेळा आला नाही, मी घरी गेलो तर आई म्हणाली दिवाळीला येईल तेव्हा पाठवते, आणि दिवाळीच्या आधी दारात पोलीस. खिशात कंपनीचा गेटपास होता हो त्याच्या, काम प्रामाणिक करत होता, फक्त सांगितलं नव्हतं कुणाला. अरे, काम मिळवून द्यायला धडपडणं हे तर आमचंच काम, कायद्यातच लिहिलंय, नोकरी लागली म्हणून कोण रागावेल? अधिकाऱ्याने अर्ज केला तर कोर्ट बाँडच्या अटीही बदलू शकतं. उद्या सकाळी ऑफिसला फोन करा, मग लेखी अर्ज द्या, त्यात नवा पत्ता, कंपनी, शिफ्ट, सुट्टीचा वार, आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या. बाँड वकिलाला दाखवायचा तोही याच आठवड्यात.

प्रश्न: नोकरीच्या फॉर्ममध्ये केस लिहू का?
विचारलं असेल तर लिहाच. कलम १२ मुळे दोषी ठरल्याची अपात्रता लागत नाही, पण लपवलं तर तो वेगळाच मॅटर होतो. फॉर्म भरण्याआधी आदेशाची सर्टिफाइड कॉपी काढून वकिलाला दाखवा, सायबर कॅफेवाल्याला नाही.