सुरक्षा बैठकीत कामगार गप्प का राहतात?

प्रश्न : गोव्यातील कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका पॅकेजिंग कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. दर सोमवारी पहिल्या पाळीआधी 40 कामगारांची सुरक्षा बैठक घेतो. हातमोजे, मशीनचे गार्ड (संरक्षक आवरण) यांविषयी 20 मिनिटे सांगून ‘काही अडचण?’ असे विचारतो. कोणी बोलत नाही, सगळे रजिस्टरवर सह्या करून निघून जातात. गेल्या महिन्यात एकाचे बोट रोलरमध्ये जाता जाता वाचले, तेही मला कॅन्टीनमध्ये कळले. काय करावे?

उत्तर : जे कॅन्टीनमध्ये बोलले गेले ते बैठकीत आले नाही, याचा अर्थ कामगारांना धोका दिसत नाही असा नसून, तो सांगून काही उपयोग होईल हा भरवसा त्यांना राहिलेला नाही, असा आहे. तेव्हा पुढची बैठक त्या रोलरपाशीच घ्या. पॅकिंगची प्लास्टिक फिल्म रोलरमध्ये अडकते, मशीन थांबवले तर उत्पादन मागे पडते, म्हणून गार्ड उघडून चालत्या मशीनमध्ये हात घातला जातो, असे बऱ्याच ठिकाणी घडते. तुमच्याकडेही तसेच असेल, तर ‘काळजी घ्या’ म्हणून भागणार नाही. फिल्म काढण्यासाठी मशीन बंद केल्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, हे व्यवस्थापकांनी स्वतः सर्वांसमोर सांगितले पाहिजे. ज्याचे बोट वाचले त्याला मात्र नाव घेऊन उभे करू नका.

चाळीस जणांच्या घोळक्यात कोणी तोंड उघडत नाही. दहा-बारा जणांचे गट करा, 10 मिनिटे पुरेत, आणि ‘काही अडचण?’ऐवजी ‘या आठवड्यात फिल्म कितीदा अडकली?’ असे नेमके विचारा. गोव्यातील कारखान्यांत कोकणी-मराठीबरोबर हिंदी, कन्नड, ओडिया बोलणारेही असतात, त्यामुळे प्रत्येक गटात समजावून सांगणारा एक जण हवा. कंत्राटी कामगारांना वगळू नका. अवघड कामे पुष्कळदा त्यांच्याच वाट्याला येतात.

वेर्णे येथील एका कारखान्यात मी पाहिलेला प्रसंग सांगतो. पावसाळ्यात फोर्कलिफ्टच्या वळणावर छत गळत असे आणि कामगार तिथे पुठ्ठा अंथरत. बैठकीत याबद्दल चकार शब्द निघाला नव्हता. जागेवर गेल्यावर एका कंत्राटी मुलाने काही न बोलता पायाने तो भिजलेला पुठ्ठा बाजूला सारला. चौथ्या दिवशी पत्रा बदलला गेला आणि पुढच्या बैठकीत पाच जण बोलले.

भोपाळच्या 1984 च्या दुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन घातक प्रक्रियांच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समान प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली, ती कामगाराचे म्हणणे निर्णयापर्यंत पोहोचावे म्हणूनच. आपला कारखाना त्या वर्गात मोडत नसला तरी तोच मार्ग धरता येईल. रजिस्टरमध्ये सहीच्या शेजारी तीन रकाने आखा : काय सांगितले, कोण करणार, केव्हापर्यंत. पुढच्या सोमवारी पहिले वाक्य त्याच रकान्यांतून वाचा, आणि काम झाले नसेल तर ते का झाले नाही हेही सांगा.