मैत्रिणीसोबत फोनवर ज्ञानेश्वरी वाचायची आहे. ती श्रद्धाळू, मी नास्तिक. ती न्यू जर्सीत, मी पुण्यात. दोनदा पहिल्याच अध्यायात सोडली. कसं जमवावं?

पहिल्या अध्यायापासून सुरुवात करूच नका. तिथे आरंभीच गणेशाचं रूपक आहे आणि त्यात सहा दर्शनं, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे त्याचे सहा हात. दर्शनांची ओळख नसेल तर वाचणारा तिथेच थकतो. बारावा अध्याय घ्या. 247 ओव्या, रोज 25 धरल्या तर दहा दिवस. 'अद्वेष्टा सर्वभूतानां मैत्रः' हा गीतेतला श्लोक याच अध्यायात येतो, त्यामुळे बोलायला दोघींकडेही काहीतरी असतं.

दोघींची प्रत एकच हवी, आणि सार्थ, म्हणजे ओव्यांखाली अर्थ दिलेली. वेगवेगळ्या प्रतींत ओव्यांचे क्रमांक आणि पाठ जुळत नाहीत, मग फोनवर निम्मा वेळ 'कुठे आहेस?' यातच जातो.

एकीने पाच ओव्या मोठ्याने वाचायच्या, दुसरीने खालचा अर्थ न बघता आपल्या शब्दांत सांगायच्या, मग अर्थ ताडून बघायचा. अर्थ आधी वाचला की डोळे ओवीवरून नुसते घसरतात. अनुस्वार मात्र सोडू नका, अर्धं व्याकरण त्यातच आहे. पसायदान सगळ्यांना पाठ असतं, तरी 'येणें वाग्यज्ञें तोषावें' मधलं 'येणें' कित्येकांना 'येणे-जाणे'तलं वाटतं. ते 'या' आहे: या वाग्यज्ञाने, म्हणजे शब्दांच्या यज्ञाने. आणि 'देवें' म्हणजे देवाने. 'खळांची व्यंकटी सांडो' मध्येही खळ नाहीसे व्हावेत असं मागणं नाही, त्यांचा वाकडेपणा जावा एवढंच आहे. हे नास्तिकालाही पटायला हरकत नसावी!

श्रद्धेचं म्हणाल, तर तिला आधी दिवा लावायचा असेल तर लावू दे, तुम्ही हात जोडायचं नाटक करू नका. 'देव आहे का' हा वाद 25 ओव्या संपल्यावर. सात दिवसांचं पारायण करायची तिची इच्छा असेल तर ते तिने वेगळं करावं. त्यात रोज सुमारे 1300 ओव्या होतात, अर्थाला थांबायला सवड नसते. दोन्ही एकत्र केलं की एक चिडते, दुसरी कंटाळते.

एकूण ओव्या नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे याच गतीने वर्षभराचं काम. खरी गाडी तेराव्यात अडकते. 1170 ओव्या, त्यात एकट्या 'अहिंसा' शब्दावर शंभरावर. तिथे घाई नको, उलट त्या ओव्या चवीने वाचा. मुंगीच्या पावलाने का होईना, पुढे सरकत राहा. अठरावा 1800च्या वर आहे, तो शेवटी.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी 50 करू नका, राहिलं तिथून 25च. वेळ तुमची सकाळी सात ठेवा: तिच्याकडे उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथलं घड्याळ तासभर मागे जातं, तेव्हा आदल्या दिवशी तिला आठवण करून द्या.