इटालियन ‘तप्पा’ आणि आपला ‘टप्पा’

प्रश्न असा आहे : “१९४६ सालच्या ‘जिरो दि’तालिया’ या सायकल शर्यतीची जुनी इटालियन चित्रफीत पाहत होतो. निवेदक सारखा ‘तप्पा, तप्पा’ म्हणतो आणि अर्थही आपल्या टप्प्याचाच. शब्द आपल्याकडून तिकडे गेला की गोव्यामार्गे तिकडून इकडे आला?”

कान चांगला आहे तुमचा, पण दोन्ही अंदाज चुकले. हे दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत. गोव्यामार्गे यायचा तर तो पोर्तुगीज असता, आणि पोर्तुगीजमध्ये हाच शब्द ‘एतापा’ आहे. सुरुवातीचा ‘ए’ वाटेत कुठे सांडला, याचं उत्तर मग द्यावं लागलं असतं.

इटालियन ‘तप्पा’ आला फ्रेंच ‘एताप’वरून, आणि तो जुन्या डच ‘स्टापेल’वरून. स्टापेल म्हणजे रास, कोठार, मालाचा साठा. फ्रेंच लष्करात कूच करणाऱ्या फौजेला जिथे शिधा मिळायचा ते ठिकाण झालं एताप. पुढे मुक्कामाची जागा म्हणजे एताप, आणि शेवटी एका मुक्कामापासून दुसऱ्यापर्यंतची चाल म्हणजेही एताप. सायकलवाल्यांनी उचलला तो हा शेवटचा अर्थ. इटालियन आणि फ्रेंच दोन्हींत ‘तप्पे जाळणे’ असा वाक्प्रचार आहे. त्यात आग कुठेच नाही. शिध्याच्या ठाण्यावर न थांबता तसंच पुढे दामटायचं, म्हणजे झपाट्याने प्रगती करायची, एवढाच अर्थ.

आपला टप्पा ‘टप्’ या आवाजाच्या घरातला. चेंडूचा टप्पा पडतो, बंदुकीच्या टप्प्यात सावज येतं. जुन्या डाकेत जिथे हरकारे किंवा पालखीचे भोई बदलायचे तो टप्पा. टपाल या शब्दाशीही त्याचं नातं जोडलं जातं. (गाण्यातला टप्पा पंजाबकडचा. त्याची चर्चा इथे काढली तर रात्र होईल.) टप्प्याच्या मुळाशी उडी आहे, तप्प्याच्या मुळाशी धान्याचं कोठार. अर्थ सारखा झाला, कारण लांबची वाट तोडायची रीत सगळीकडे सारखीच.

‘तप्पा’चा खरा भाऊ मराठीत शोधायचा तर तो आहे ‘मजल’. अरबी ‘मंझिल’ म्हणजे उतरण्याची जागा. धातूचा अर्थच खाली उतरणे. मग मुक्काम, मग एका दिवसाची चाल. फौजा मजल दरमजल करीत जायच्या त्या याच अर्थाने. एताप आणि मजल, दोन्ही शब्द लष्कराच्या पायांनी चालत आले.

तुमच्या चित्रफितीतल्या शर्यतीत थांबणं आणि चालणं हे दोन अर्थ एकदा अक्षरशः समोरासमोर आले. महायुद्धानंतरची ती पहिली जिरो. १५ जून १९४६ ला मिलानहून निघाली आणि ७ जुलैला तिथेच संपली. बारावा टप्पा होता ३० जूनला, रोविगो ते त्रिएस्ते. त्रिएस्तेवर इटली आणि युगोस्लाव्हिया दोघांचाही दावा होता आणि शहराचा कारभार दोस्तराष्ट्रांच्या लष्कराकडे होता. पिएरिस गावाजवळ रस्ता अडवला गेला, सायकलपटूंवर दगड आले, गोळ्याही झाडल्या गेल्या. बहुतेकांनी तिथेच थांबायचं ठरवलं. मंझिलचा धात्वर्थ त्यांनी पाळला, फक्त मुक्कामाच्या अलीकडे. सतरा जण मात्र लष्करी ट्रकमध्ये सायकली टाकून शहराजवळ गेले, तिथून पुन्हा पॅडल मारत आत शिरले, आणि त्रिएस्तेचाच जोर्दानो कोत्तुर पहिला आला. एकूण हिशेबात मात्र त्या दिवशी सगळ्यांना सारखीच वेळ दिली गेली. शेवटी जिनो बार्ताली जिंकला, फाउस्तो कोप्पीपेक्षा फक्त ४७ सेकंद आधी. तीन आठवड्यांच्या शर्यतीत ४७ सेकंद!

टप्प्यांचा सगळ्यात बारीक हिशेब मात्र या दोघांनी नव्हे, लुइजी मालाब्रोकाने ठेवला असं माझं मत. त्या वर्षापासून सगळ्यात शेवटच्याला काळी जर्सी मिळू लागली. हरणाऱ्याचं लोकांना कौतुक, त्यामुळे त्याच्या वाट्याला बक्षिसं, खाऊ, वाइन यायची. युद्धाने रिकाम्या केलेल्या घरात याची किंमत काय, ते सांगायला नको. मालाब्रोका १९४६ आणि १९४७ दोन्ही वर्षी शेवटचा आला. पण प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. ती ओलांडली तर शर्यतीतून बाद. म्हणून तो वाटेत कुठेतरी लपून वेळ काढायचा आणि मर्यादा संपायच्या आत अंतिम रेषा गाठायचा. उशिरा, पण टप्प्यात!

तुम्ही पुढे विचारलंय की मग मराठीत ‘मजल’च का वापरू नये. मला स्वतःला आवडेल, पण कान तयार नाही. ‘बारावी मजल’ म्हटलं की ऐकणारा लिफ्ट शोधायला लागेल, कारण इमारतीचा मजलाही त्याच मंझिलचा. शिवाय हल्ली ‘मजल’ उरलीय ती ‘हाणामारीपर्यंत मजल गेली’ असल्या बातम्यांत. मोजायला टप्पाच बरा : पहिला टप्पा, डोंगरातला टप्पा, टप्प्याटप्प्यांची शर्यत. चढावर पहिला येणाऱ्याला मात्र ‘पर्वतविजेता’ वगैरे म्हणू नका. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने ‘घाटाचा राजा’ हा झकास शब्द दिलेला आहे, तो आल्प्सवरही चालतो.

दोन्ही शब्द हवेच असतील तर त्रिएस्तेचं वाक्य मी असं लिहीन : बारावा टप्पा पिएरिसला अडला, सतरा जणांनी पुढची मजल ट्रकने मारली.